युनायटेड किंग्डममधील जिवंत कुंपणाची छाटणी

घराच्या, बागेच्या किंवा शेताच्या हद्दीवर झुडपे वा झाडे ओळीने व दाट लावून तयार केलेल्या हिरव्या आडोशास जिवंत कुंपण असे म्हणतात. मराठी बोलण्यात त्याला अनेकदा ‘हेज’ असेही म्हटले जाते. महाराष्ट्रात ते बहुधा मेंदी, कोयनेल किंवा दुरांटा यांचे असते. ब्रिटनमध्ये प्रिव्हेट, यू, बीच, हॉथॉर्न, बॉक्स आणि लेलँड सायप्रस या वनस्पती अधिक आढळतात. तेथील पुष्कळ घरमालक या कुंपणाची छाटणी स्वतः न करता व्यावसायिक माळ्याकडे सोपवतात. काम वरवर साधे दिसते. परंतु गरजेपेक्षा खोल छाटणी केल्यास कुंपण कायमचे विद्रूप होऊ शकते, आणि चुकीच्या वेळी केलेली छाटणी प्रसंगी गुन्हाही ठरते.

वनस्पती आणि छाटणीची पद्धत

छाटणी किती खोल करावी हे वनस्पतीवर अवलंबून असते. यू हा सूचिपर्णी वृक्ष जुन्या खोडावरूनही नवी पालवी फोडतो. त्यामुळे दुर्लक्षित राहिलेले यूचे कुंपण कठोर छाटणीनंतर पुन्हा भरून येऊ शकते. लेलँड सायप्रसचे तसे नाही. १८८८ साली वेल्समधील लेटन हॉल येथे दोन सायप्रस जातींच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झालेला हा वृक्ष वर्षाला सुमारे एक मीटर वाढू शकतो. त्याची बाहेरची पाने हिरवी असली तरी आतील भाग तपकिरी व पर्णहीन असतो, आणि तेथपर्यंत छाटल्यास पुन्हा पालवी फुटत नाही. म्हणून दरवर्षी थोडे थोडे छाटणे हाच त्यावर उपाय आहे. ‘एकदाच खूप कापून टाका’ ही मालकाची मागणी जाणकार माळी सहसा मान्य करत नाही.

प्रिव्हेट हे जाई-मोगऱ्याच्या कुळातील झुडूप असून ते झपाट्याने वाढते. नीटनेटके ठेवायचे असल्यास त्याला वाढीच्या हंगामात दोन-तीन वेळा कात्री लावावी लागते. यूला मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस एक छाटणी पुरते. बीच हा पानगळीचा वृक्ष असला तरी छाटलेल्या बीचवर सुकलेली पाने हिवाळाभर टिकून राहतात व आडोसा कायम राहतो. स्कॉटलंडमधील मिकलूर येथील बीचचे कुंपण १७४५ मध्ये लावले गेले असे मानले जाते. सुमारे ३० मीटर उंच व ५३० मीटर लांब असलेल्या या कुंपणाची छाटणी साधारण दहा वर्षांतून एकदा होते.

कुंपणाचा तळ माथ्यापेक्षा किंचित रुंद ठेवण्याची पद्धत आहे. माथा रुंद राहिला तर त्याची सावली खाली पडते आणि बुंध्याजवळची पाने झडून तेथे उघडी भगदाडे पडतात. बॉक्सच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक असते. या झुडपावर पडणारा बुरशीजन्य करपा ओल्या हवेत फैलावतो व अवजारांवाटे एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. दिवसाला अनेक बागा हिंडणाऱ्या माळ्याने कात्री निर्जंतुक केली नाही, तर रोग तोच वाहून नेतो.

पक्ष्यांची घरटी

१९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार वन्य पक्ष्याचे वापरात असलेले किंवा बांधले जात असलेले घरटे हेतुपुरस्सर नष्ट करणे हा गुन्हा आहे. मार्च ते ऑगस्ट हा विणीचा मुख्य काळ मानला जातो. इंग्लंडमध्ये शेतजमिनीवरील कुंपण १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात छाटण्यास, काही अपवाद वगळता, २०२४ च्या नियमांनी मनाई केली. घरगुती बागांना ही मनाई लागू नाही. पण घरट्याचे संरक्षण तेथेही लागू आहे. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी कुंपण आतून तपासणे आणि घरटे आढळल्यास पिले उडून जाईपर्यंत थांबणे अपेक्षित असते.

उंची आणि शेजारी

लेलँड सायप्रसच्या वाढीमुळे शेजाऱ्यांचा प्रकाश अडल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २००३ च्या समाजविघातक वर्तनविषयक कायद्यात उंच कुंपणांसाठी स्वतंत्र भाग घालावा लागला. इंग्लंड व वेल्समध्ये दोन मीटरपेक्षा उंच आणि मुख्यतः सदाहरित वा निमसदाहरित कुंपणाविरुद्ध स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते. त्यापूर्वी आपसात तोडगा काढण्याचा प्रयत्न केलेला असावा लागतो. परिषद उंची कमी करण्याचा आदेश देऊ शकते, मात्र दोन मीटरपेक्षा खाली आणण्याचा किंवा कुंपण उपटण्याचा नाही. हद्दीपलीकडे आलेल्या फांद्या शेजारी आपल्या बाजूने छाटू शकतो; पण त्या फांद्या कुंपणाच्या मालकाच्याच ठरतात.

व्यावसायिकाची नेमणूक

माळी सहसा जागेची पाहणी करून दर सांगतो. लांबीपेक्षा उंची, दोन्ही बाजूंना पोहोचण्याची सोय आणि निघणारा पालापाचोळा यांवर दर अधिक अवलंबून असतो. कुंपणाची दुसरी बाजू शेजाऱ्याच्या बागेत असेल, तर त्याची परवानगी आधीच घ्यावी लागते. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा माळ्याला कायद्याने सक्तीचा नाही, तरीही त्याची चौकशी करणे शहाणपणाचे असते. त्याने कामगार नेमले असल्यास त्यांच्यासाठीचा विमा मात्र सामान्यतः सक्तीचा असतो.

छाटलेला पाला वाहून नेणाऱ्याची कचरा वाहक म्हणून नोंदणी असावी लागते. ती पाहून घेण्याची जबाबदारी घरमालकावरही असते; पाला रस्त्याकडेला टाकलेला आढळला, तर त्यालाही दंड होऊ शकतो. यूचा पाला जनावरांना विषारी असल्याने तो कुरणालगत टाकणे धोक्याचे ठरते. याच पाल्यातील एका द्रव्यापासून डोसिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध तयार करता येते, आणि त्यासाठी ब्रिटनमधील बागांतून यूची ताजी छाट गोळा केली गेली आहे.