सुकाणूपुढचा डबा

२ ऑक्टोबर २०१५. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अफगाणिस्तानातल्या जलालाबादच्या धावपट्टीवरून अमेरिकी हवाई दलाचं सी-१३०जे सुपर हर्क्युलिस हे मालवाहू विमान उडालं आणि अवघ्या २८ सेकंदांत कोसळलं. विमानातले ११ जण गेले. तळाच्या टेहळणी मनोऱ्यात पहाऱ्यावर असलेले तीन अफगाण जवानही त्याखाली सापडले. विमानाशी त्यांचा काही संबंधच नव्हता. विमान आम्हीच पाडलं, असं तालिबानने लगोलग जाहीर केलं. पुढच्या एप्रिलमध्ये चौकशी अहवाल आला तेव्हा त्यात ना क्षेपणास्त्र होतं, ना इंजिनाचा बिघाड. होता तो नाइट व्हिजन गॉगल ठेवायचा एक टणक डबा.

आपल्या हवाई दलाकडेही हीच विमानं आहेत. २०१३ मध्ये लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला जे विमान उतरलं, ते याच जातीचं. याचं मालाचं दार मागच्या बाजूला, शेपटीच्या खाली असतं. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे एक हलती पट्टी असते, तिला एलिव्हेटर म्हणतात. वैमानिकाने सुकाणू पुढे ढकललं की ती खाली झुकते आणि विमानाचं नाक खाली येतं. मागे ओढलं की पट्टी वर उचलली जाते, नाकही वर.

त्या रात्री इंजिनं चालू ठेवूनच माल उतरवणं-चढवणं चाललं होतं. माल उंच होता, शेपटीखाली जागा कमी पडत होती. म्हणून वैमानिकाने सुकाणू मागे ओढून एलिव्हेटर वर उचलून धरलं. आधी हाताने. मग हात मोकळा व्हावा म्हणून सुकाणूच्या पुढे तो डबा अडकवला. काम झालं, दार लागलं, डबा तिथेच राहिला. कॉकपिटमध्ये अंधार, डोळ्यांवर गॉगल. त्यातून दिसतं ते समोरचं, तेही अरुंद चौकटीतलं. हाताशी असलेला डबा कुणाच्या नजरेला पडला नाही.

विमानाने जमीन सोडली आणि नाक वर-वरच जाऊ लागलं. सहवैमानिकाला वाटलं, ट्रिम बिघडलं. ट्रिम म्हणजे सुकाणूवरचा जोर हलका करणारी यंत्रणा. उपायही त्या समजुतीने झाले. सुकाणू पुढे जात नव्हतं ते डब्यामुळे, हे लक्षात यायला सवडच नव्हती. नाक प्रमाणाबाहेर उचललं गेलं की पंखांवरची हवा विस्कटते, विमान तोलून धरणारा जोर संपतो. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. इतक्या कमी उंचीवर त्यातून सावरायला जागा उरत नाही.

या कहाणीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट जलालाबादच्या ऐंशी वर्षं आधीची आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं बॉम्बर विमान, मॉडेल २९९, असंच नाक वर करत उडालं आणि पडलं. उभ्या विमानाच्या शेपटीवरच्या पट्ट्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. मेजर प्लॉयर हिल त्यात गेले, बोइंगचे लेस्ली टॉवर पुढे जखमांनी गेले. वैमानिकांची लेखी तपासणी यादी हवाई दलात रुळली ती या अपघातानंतर. म्हणजे जगभरच्या कॉकपिटमधली ती यादी जन्मली नेमकी याच जातीच्या विसरण्यातून.

पण यादी केवळ असून भागत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बेडफर्डला एक खासगी जेट असंच कुलूप लागलेलं असताना धावपट्टीवर धावलं आणि सात जण मेले. तपासात दिसलं की आधीच्या १७५ उड्डाणांपैकी सुकाणूची पूर्ण तपासणी झाली होती फक्त २ वेळा.

जलालाबादचा डबा तर कुठल्याच यादीत नव्हता. विमानाच्या अनेक कुलपांना लाल फीत लोंबत असते, ती डोळ्यांत भरावी म्हणूनच. ऐनवेळी केलेल्या सोयीला अशी फीत नसते. ‘मानवी चूक’ एवढाच शिक्का मारून फाइल बंद करणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. वैमानिक विसरला हे खरं. पण माणूस विसरणार हे धरूनच तर यंत्रणा उभी करायची असते.

कारखान्यात, शस्त्रक्रियागृहात, वीजकेंद्रात काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. तात्पुरतं काही अडकवलंत, तर ते त्याच क्षणी सोबतच्यांना मोठ्याने सांगा, आणि ते काढल्याची खात्री दुसऱ्या माणसाने केल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.