दक्षिण ध्रुवावरचे भोक आणि आपली धानाची बांधी

नवतपा सुरू झाला, पारा पंचेचाळीस अंशांपुढे गेला, की चामोर्शीच्या बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर आणि तेंदूपत्त्याच्या फडीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "वर ओझोनला भोक पडलं ना, म्हणून ऊन असं भाजते." शाळकरी पोरेही पुस्तकात वाचून तेच सांगतात. यात थोडे खरे आहे आणि बरेच चुकीचे आहे. काय खरे, काय खोटे आणि त्यात शेतकऱ्याचा वाटा किती, हे आज पाहू.

ओझोन म्हणजे काय?

आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूचे कण जोडीने असतात. तिघे एकत्र आले की ओझोन होतो. जमिनीपासून साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर हा वायू विरळ पसरलेला आहे. किती विरळ? तो सगळा गोळा करून जमिनीवर अंथरला, तर थर भरेल जेमतेम तीन मिलिमीटर, म्हणजे धानाच्या दाण्याच्या जाडीएवढा! पण सूर्याची अतिनील किरणे हाच थर अडवतो. ही किरणे खाली आली तर कातडीचा कर्करोग होतो, डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो आणि पिकांनाही इजा होते.

भोक कुठे आणि का पडले?

१९७४ साली मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी इशारा दिला. फ्रीजमध्ये, फवाऱ्याच्या डब्यांत आणि फोमच्या गाद्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचे वायू वर जाऊन ओझोन खातील, असे त्यांचे म्हणणे होते. बऱ्याच लोकांनी ते मनावर घेतले नाही. मग १९८५ च्या मे महिन्यात फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्राची मापे प्रसिद्ध केली. दर ऑक्टोबरात तिथला ओझोन झपाट्याने घटत होता आणि पूर्वीच्या मानाने तिसरा हिस्सा नाहीसा झाला होता.

आता तुम्ही विचाराल, फ्रीज वापरले शहरांनी आणि भोक पडले जिथे माणूसच राहत नाही तिथे, हे कसे? वैनगंगेला पूर आला की डोहात भोवरा फिरतो आणि आत सापडलेले लाकूड बाहेर निघत नाही, हे आपण पाहिलेले आहे. हिवाळ्यात दक्षिण ध्रुवाभोवती वाऱ्याचा असाच प्रचंड भोवरा फिरतो. आतली हवा कोंडते आणि उणे ७८ अंशांच्याही खाली गारठते. अशा थंडीत उंचावर बर्फकणांचे ढग बनतात आणि त्यांच्यावर क्लोरीन मोकळा व्हायला तयार होतो. सप्टेंबरात महिनोन्‌महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य उगवला, की हा क्लोरीन ओझोनवर तुटून पडतो. त्याचा एक अणू हजारो कण फोडतो. मोठ्या वर्षी हे भोक दोन कोटी चौरस किलोमीटरांहून मोठे होते, म्हणजे भारताच्या सहापट! वर्षाच्या अखेरीस भोवरा मोडतो, बाहेरची हवा आत शिरते आणि भोक त्या वर्षापुरते बुजते. उत्तर ध्रुवावर थंडी थोडी कमी असते, त्यामुळे तिथे एवढी घट सहसा होत नाही. तरी २०११ आणि २०२० साली तिथेही मोठी घट झाली.

आपली माणसेही मोजतात

६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून अंटार्क्टिकाकडे निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिथे पोचली. तिथे दक्षिण गंगोत्री, पुढे १९८९ मध्ये मैत्री आणि २०१२ मध्ये भारती ही केंद्रे उभी राहिली. मैत्रीवर हवामान खात्याचे लोक फुगे सोडून वरचा ओझोन मोजतात. फुग्याला बांधायचे भारतीय बनावटीचे ओझोनमापक तयार झाले १९६० च्या दशकात. त्यामागे हवामान खात्याच्या शास्त्रज्ञ अण्णा मणी यांचे मोठे कष्ट होते. त्या काळात एका बाईने यंत्रांच्या कामात असे नाव काढले, हे आपल्या शाळकरी मुलींना जरूर सांगावे.

मग आपले ऊन कशामुळे?

भोक दक्षिण ध्रुवावर आहे, गडचिरोलीवर नाही. आपल्या मे महिन्याच्या उन्हाला ते जबाबदार नाही. पृथ्वी तापते आहे ती मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून सोडलेल्या वायूंमुळे. ते गोधडीसारखे उष्णता धरून ठेवतात.

तरी ओझोन आणि हवामान यांचे नाते आहे, आणि ते दुहेरी आहे. ओझोन घटला की ध्रुवावरची उंच हवा आणखी गारठते. त्यामुळे दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकले आणि त्यांच्याबरोबर पावसाचे पट्टेही हलले. आपल्या मृगाच्या पावसाचा संबंध मात्र थेट त्याच्याशी जोडू नये. दुसरी बाजू अशी, की ओझोन खाणारे हे वायू उष्णताही धरतात आणि त्यातले काही कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी जास्त.

जगाने काय केले?

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २०१० पासून आपल्याकडे हे वायू बनवणे थांबले. गोदामात धान्याला धुरी देण्यासाठी वापरत ते मिथिल ब्रोमाइडही, काही ठराविक कामे सोडून, बंद झाले. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने फ्रीजमधल्या नव्या, पण उष्णता धरणाऱ्या वायूंनाही कात्री लागली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली.

फळ दिसते आहे. २००० नंतर त्या वाऱ्यांचे सरकणे थांबले. २०२२ च्या जागतिक अहवालानुसार सगळे देश करार पाळत राहिले, तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. म्हणजे आज पहिलीत बसलेले मूल तेव्हा पंचेचाळिशीत असेल. फोडायला काही दशके लागली आणि भरायला त्याहून कितीतरी जास्त! कारण जुने वायू पन्नास ते शंभर वर्षे हवेत टिकतात.

शेतकऱ्याचा वाटा

आता बांधीकडे येऊ. आपण टाकलेल्या युरियातले काही नत्र मातीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड या वायूत बदलतात. तो शंभराहून जास्त वर्षे टिकतो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो आणि वर गेला की ओझोनही फोडतो. आज ओझोनला घातक अशा वायूंत सर्वांत जास्त घात करील तो हाच, असे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले. माँट्रियल करारात हा वायू नाही.

म्हणून खत बंद करा, असे कोणी म्हणत नाही. पोट भरायचे तर नत्र हवेच. पण धानात टाकलेल्या युरियातले साधारण तीस ते चाळीस टक्केच नत्र पिकाला मिळते. उरलेले हवेत आणि पाण्यात जाते. ते आपल्याच खिशातले पैसे आहेत. ते वाचवण्याचे उपाय असे :

१. सगळा युरिया एकदम फेकू नका. रोवणीच्या वेळी, फुटवे येताना आणि लोंबी धरण्याआधी, असा तीन हप्त्यांत द्या.

२. वरखत देण्याआधी बांधीतले पाणी काढा. खत मातीत मिसळल्यावर एक-दोन दिवसांनी पाणी घ्या.

३. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीप्रमाणे युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचा. खत मुळाशी राहते आणि कमी लागते.

४. धुऱ्यावर गिरिपुष्प लावा आणि त्याचा पाला चिखलणीत गाडा. तेवढा युरिया वाचतो.

५. माती तपासून घ्या. शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकू नयेत.

आणि घरातला जुना फ्रीज भंगारात देताना त्याची नळी कापू देऊ नका. आतला वायू जाणत्या मिस्त्रीकडून काढून घ्या.

शेवटी एक सावधगिरी. वरचा ओझोन आपला राखणदार असला, तरी जमिनीलगतचा ओझोन विष आहे. गाड्या आणि कोळशाच्या वीज केंद्रांच्या धुरावर ऊन पडून तो बनतो आणि पिकाच्या पानात शिरतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अंदाजाने २००५ या एका वर्षात त्याने देशातले सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडवला. म्हणून पुढे कोणी "ओझोन वाढला" किंवा "घटला" असे सांगितले, तर आधी विचारावे : वरचा की खालचा?