काट्यावरचे साठ, रस्त्यावरचे पंचावन्न

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण मागे पडलं की मोटारसायकलचा मीटर तपासायला हवी तशी जागा मिळते. रस्ता सरळ, जवळजवळ सपाट, आणि कडेला किलोमीटरचे दगड. दोन दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर लहान दगड असतात, त्यांवर फक्त २, ४, ६, ८ एवढेच आकडे. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना इथं यायचं. मागे बसणाऱ्याच्या हातात स्टॉपवॉच द्यायचं, काटा ६० वर आणायचा आणि मूठ हलू द्यायची नाही. ताशी ६० म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. दगड गेला की "चालू", पुढचा दगड गेला की "बंद".

घड्याळात ६० सेकंद यायला हवेत. माझ्या गाडीला ६५ लागतात. ३६०० ला ६५ ने भागलं की ५५.४ येतात. म्हणजे काटा ६० म्हणतो तेव्हा गाडी पंचावन्नच्या थोडी वर असते. काटा ४० वर ठेवला तर फरक तीनेक किलोमीटरचा, ८० वर ठेवला तर सहाच्या आसपास. फरक वेगाबरोबर वाढतो आणि नेहमी एकाच बाजूला पडतो. मागे बसलेल्या भाच्याचं पहिलं म्हणणं होतं, मीटर बिघडलाय. मीटर ठणठणीत आहे. तो असाच बनवलेला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमध्ये ३९ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरचा आहे. त्यात पहिली अट अशी की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त किती दाखवला तर चालेल, याची मर्यादा मोटारसायकलसाठी खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ८ किलोमीटर अशी ठेवलेली आहे. आकड्यांत पाहिलं की ही सूट केवढी मोठी आहे ते कळतं. खरा वेग ८० असताना काट्यानं ७९ दाखवले तर मीटर नापास, ९५ दाखवले तरी पास. आता कारखान्यातल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो मीटरांत थोडा थोडा फरक राहणारच. टायर नवा असेल किंवा झिजलेला, हवा भरलेली असेल किंवा कमी, आणि तरीही एकही मीटर मागे पडता कामा नये. मग तो सगळेच मीटर थोडे पुढे ठेवतो. ही फसवणूक आहे असं मला वाटत नाही. चालवणाऱ्याला आपण आहोत त्यापेक्षा जोरात आहोत असं वाटलं तर नुकसान थोडं, उलटं वाटलं तर जीवावर बेतणारं.

मला जास्त नवल वाटलं ते किलोमीटरच्या आकड्यांचं. त्याच रस्त्यावर दगडाच्या दहा किलोमीटरांना माझ्या मीटरचे आकडे दहाच्या जेमतेम पुढे जातात, एखादा दशांश. काटा आठ टक्के पुढे आणि आकडे एक टक्का. दोघांना हालचाल मिळते ती मात्र एकाच केबलमधून. एकाच केबलची ही दोन उत्तरं कशी, ते समजून घ्यायला मीटर उघडलेला पाहावा लागतो.

पुण्यात दुचाकीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेत जावं लागतं. तिथल्याच एका गल्लीत मीटर दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर बसतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. काचेभोवतीची पत्र्याची कड ते बोथट स्क्रू ड्रायव्हरनं एकेक सूत उचलतात, घाई केली तर कड परत बसत नाही. काच निघाली, काटा निघाला, तबकडी निघाली की खाली दिसते ती ॲल्युमिनियमची वाटी आणि तिच्या आत गोल चुंबक. केबल फिरली की चुंबक फिरतं. वाटी त्याला कुठंही टेकलेली नसते. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत वीजप्रवाहाचे भोवरे उठतात आणि वाटी चुंबकामागं ओढली जाते. तिला अडवायला घड्याळातल्यासारखी केसाएवढी स्प्रिंग असते. ओढ आणि स्प्रिंग यांचा मेळ जिथं बसेल तिथं काटा थांबतो. ही रचना ओट्टो शुल्झे यांच्या नावावर १९०२ सालापासून आहे आणि शंभर वर्षं ती जवळपास तशीच चालली.

म्हणजे वेग इथं मोजला जात नाही, तोलला जातो. तोलात चुंबकाचा जोर आला, स्प्रिंगचा ताण आला, वाटी आणि चुंबक यांच्यातली फट आली. धातू तापला की त्याचा विद्युत रोध वाढतो आणि ओढ कमी पडते, म्हणून मे महिन्याच्या उन्हाचाही त्यात वाटा असतो. तो भरून काढायला चांगल्या मीटरांत चुंबकाजवळ खास मिश्रधातूची पट्टी बसवलेली असते. वर्षानुवर्षांनी चुंबकाचा जोर उतरला तर काटा मागे राहू लागतो. मामा अशा वेळी चुंबकाला पुन्हा भरपूर जोर देतात आणि मग थोडा थोडा उतरवत काटा जागेवर आणतात. शेजारी ठरावीक फेऱ्यांनी फिरणारी मोटर असते, तिच्यावर मीटर लावून पाहायचं. काटा नेमका खुणेवर न आणता किंचित पुढे का ठेवता, असं विचारलं तर म्हणाले, "मागं राहिला तर गिऱ्हाईक पडंल, साहेब. पुढं असला तर फार तर शिव्या देईल."

आकड्यांचं यंत्र त्याच डब्यात आहे, पण त्याचा स्वभाव निराळा. चुंबकाच्या दांड्यावरच वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटा, कापलेला असतो. त्याला एक गरारी, तिला दुसरी, आणि शेवटी दशांशाचं चाक. एक चाक पूर्ण फिरलं की पुढचं एक घर सरकतं. इथं स्प्रिंग नाही, चुंबक नाही, उन्हाशी संबंध नाही. दात मोजले जातात, बस. जपानी प्रमाणाच्या मीटरांत केबलच्या १,४०० फेऱ्यांचा एक किलोमीटर धरण्याची पद्धत आहे. माझ्या पुढच्या चाकाचा घेर साधारण १ मीटर ९० सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक सव्वापाचशे वेळा फिरतं आणि हबमधली मीटर गरारी त्याचे केबलसाठी चौदाशे करते. गरारीचे दात शाबूत असतील तर या साखळीत चूक शिरायला एकच दार उरतं, चाकाचा घेर.

तो घेर कुणालाही मोजता येतो. टायरवर खडूची रेघ मारायची, गाडीवर कुणाला तरी बसवायचं, चाक एक फेरा पुढे ढकलायचं आणि जमिनीवरच्या दोन रेघांमध्ये टेप धरायची. टायर ४ मिलिमीटर झिजला की घेर सुमारे २५ मिलिमीटरनं कमी होतो, म्हणजे १.३ टक्के. दहा हजार किलोमीटरमागे मीटर १३० किलोमीटर जास्त दाखवील. टायरचा आकार बदलला तर फरक याहून मोठा. १००/९०-१७ च्या जागी १००/८०-१७ घातला की घेर तीन टक्क्यांहून जास्त घटतो. काही गाड्यांत वेग पुढच्या चाकाऐवजी गिअरबॉक्सच्या बाहेरच्या दांड्यावरून घेतात. अशा गाडीला पंधरा दातांचं पुढचं स्प्रॉकेट काढून चौदाचं लावलं तर काटा आणि आकडे दोन्ही सात टक्क्यांनी पुढे जातात. ओढ वाढली म्हणून मालक खूश असतो आणि वर ॲव्हरेजही वाढल्यासारखं दिसतं.

ॲव्हरेज हा आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न आहे. टाकी फुल, मग पुन्हा फुल, मधले किलोमीटर भागिले लिटर. पेट्रोल काटेकोर मोजलं तरी किलोमीटरमधली दोन टक्क्यांची चूक उत्तरात जशीच्या तशी उतरते. ६० चं ॲव्हरेज खरं पाहता ५८.८ असतं. दगड बघून एकदा आपल्या मीटरची टक्केवारी काढून ठेवली तर पुढचे सगळे हिशेब सुधारता येतात. मात्र त्यासाठी एका किलोमीटरवर भागत नाही, किमान दहा तरी हवेत. रुंदीकरणात एखादा दगड सरकलेला असतो, बाह्यवळणामुळे आकडे तुटलेले असतात.

मोबाइलच्या जीपीएसवर तपासावं का, असं बरेच जण विचारतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याचा वेग फार चांगला असतो. उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून तो काढला जातो, आणि माझ्या स्टॉपवॉचशी तो नेहमी जुळला आहे. घाटातल्या अंतराची गोष्ट वेगळी. ठरावीक वेळानं एक ठिपका घ्यायचा आणि ठिपके सरळ रेघेनं जोडायचे अशी त्याची रीत, त्यामुळे ताम्हिणीच्या वळणांवर तो कोपरे कापत जातो. डोंगराच्या भिंती आणि झाडी लहरी अडवतात. तिथं माझा विश्वास चाकावर. चाकही अगदी निर्दोष नाही, कारण गाडी कलली की टायर कडेवर चालतो, तिथला घेर लहान असतो आणि फेरे थोडे जास्त पडतात.

नव्या गाड्यांत केबल गेली. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं आणि चाकाजवळ दात्यांची चकती व सेन्सर सर्रास आले. आता खटके मोजले जातात, आणि खटके मोजताना स्प्रिंगचं, चुंबकाचं, उन्हाचं काहीच निमित्त नाही. तरी पडद्यावरचा वेग पुढेच असतो, कारण नियम तोच आणि टायर झिजतातच. वाढीव टक्के हिशेबात आधीच घातलेले असतात.

एवढं अचूक यंत्र असूनही जुन्या गाडीवरचा आकडा बहुतेक वेळा खोटा का निघतो, हे मला खरं खुपतं. घेराचे एक-दोन टक्के त्याला कारण नसतात. पंक्चर काढल्यावर चाक परत बसवताना मीटर गरारीच्या खाचा हबच्या खाचांत नीट बसल्या नाहीत की नट आवळताच त्या मोडतात. कोरडी केबल आधी काटा थरथरवते, मग तुटते. ग्रीस फार लावलं तर ते फिरत्या केबलबरोबर वर चढून मीटरमध्ये शिरतं, म्हणून वरची काही बोटं केबल कोरडी ठेवायची असते. हे सगळं दुरुस्त करायला फार खर्च नाही. पण काटा पडला म्हणून गाडी थांबत नाही, आणि लोक वर्षानुवर्षं तशीच चालवतात. ऑइल कधी बदललं, चेन सेट कधी टाकला, याचा पत्ता राहत नाही. मग गाडी विकायला निघते तेव्हा "रनिंग फक्त बावीस हजार" असं सांगितलं जातं आणि ते मीटरवर दिसतंही. गाडी घेणाऱ्यानं अशा वेळी ब्रेक पेडलचं आणि फूटरेस्टचं रबर, मुठी, चावीचं भोक बघावं. झिजेला खोटा आकडा लावता येत नाही.

मामांकडे नवा मीटर बसवायला दिला की ते आधी जुन्यावरचा आकडा वहीत उतरवतात आणि नव्याची चाकं हातानं फिरवून त्याच आकड्यावर आणतात, मगच काच बंद करतात. आकडा कमी करून मागणारेही येतात. त्यांना ते सांगतात, दुसरं दुकान बघा. केबल मोडून किती दिवस झाले हे मालकालाच आठवत नसेल, तर ते आहे तोच आकडा ठेवतात आणि सर्व्हिस बुकात तारीख घालून लिहायला लावतात: या आकड्याला मीटर चालू केला, मागचं माहीत नाही.