व्यायामाने शरीरात काय घडते?

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला व्यायाम हा शब्द शिकवावा लागला नाही. पहाटे निंदायला जाणे, दिवसभर कापूस वेचणे, विहिरीचे पाणी शेंदणे, सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन दोन-तीन मैल चालत येणे हाच त्यांचा दिवस होता. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा शिक्षणाचा आदेश मानून पुढची पिढी शाळेत गेली आणि कार्यालयात, शाळेत, बँकेत खुर्चीवर बसली. ही प्रगतीच आहे. परंतु याच पिढीत चाळिशीच्या आसपास शुगर आणि बी.पी.च्या गोळ्या सुरू झालेली माणसे घरोघरी दिसू लागली आहेत. दुसरीकडे पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपली मुले-मुली पंधरा दिवसांत शरीर कमवायला निघतात. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. शरीर आपल्यावर पडणाऱ्या कामाप्रमाणे स्वतःला बदलते; पण ते कसे आणि किती दिवसांत, याचा आपण विचार करीत नाही.

प्रथम एका दौडीत काय होते ते पाहू. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फिरविते व त्यातील साधारण पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. जोरात धावू लागताच सामान्य तरुणाचे हृदय 20 लिटरपर्यंत रक्त फेकते आणि त्यातील चार हिस्से स्नायूंकडे वळतात. पोट व मूत्रपिंडाकडचा पुरवठा तेवढ्यापुरता आखडता घेतला जातो. भरल्या पोटी धावले की मळमळते, त्याचे एक कारण हेच. श्वास वाढतो, अंग तापते, घाम सुटतो. हा झाला तात्पुरता बदल. थांबले की थोड्या वेळात सारे पूर्ववत होते.

खरी गंमत पुढे आहे. हीच मागणी रोज किंवा दिवसाआड होऊ लागली की शरीर कायमची तरतूद करू लागते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातील पाण्याचा अंश वाढतो. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त पाठवू लागते, म्हणून स्वस्थ बसले असताना नाडी मंदावते. बहात्तर ठोक्यांवरून साठीपर्यंत उतरलेली नाडी हे धावणाऱ्याच्या प्रगतीचे साधे आणि बिनखर्चाचे माप आहे. सकाळी अंथरुणातच मोजावी. पुढील काही आठवड्यांत स्नायूंमध्ये नवीन केशवाहिन्या फुटतात आणि पेशींतील तंतुकणिका, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने अन्न जाळणाऱ्या चुली, संख्येने वाढतात. जोर-बैठकांचे गणित थोडे निराळे आहे. पहिल्या महिन्यात जी ताकद वाढते ती स्नायू जाड झाल्यामुळे फारशी नसते, तर मेंदू व मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू शिकतात म्हणून असते. दंड भरायला त्यानंतर बराच काळ लागतो.

हे सारे व्यायाम करताना घडत नाही, व्यायामानंतरच्या अन्नात आणि झोपेत घडते, हे विद्यार्थी मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावे. येथे सोण कोळिविसाची कथा आठवते. अत्यंत सुकुमार वाढलेला हा श्रेष्ठीपुत्र भिक्खू झाला आणि पाय फुटून चंक्रमणाची जागा रक्ताने माखेपर्यंत चालत राहिला. तरीही इच्छिलेले साधेना, तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेचा दाखला दिला. तारा फार ताणल्या तर सूर नाही, ढिल्या सोडल्या तरी नाही. उपदेश साधनेसंबंधी होता, तरी शरीराला तो जसाच्या तसा लागू पडतो. आपल्या अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. अशा तयारीला वर्षे लागतात. ती पंधरवड्यात होत नसते.

मग कोणी विचारील, दिवसभर शेतात राबणाऱ्या आपल्या आया-बहिणींची शरीरे पहिलवानासारखी का झाली नाहीत? कारण कष्ट होते, पण भाकरी पुरेशी नव्हती आणि विसावा तर नव्हताच. एकाच बाजूने वाकून दहा तास काम, घरी आल्यावर चूल, आणि अंगात रक्त कमी. अशा वेळी शरीर घडत नाही, झिजते. मजुरी म्हणजेच व्यायाम असे म्हणणाऱ्यांनी एक दिवस वाकून निंदून पाहावे. मुलींच्या बाबतीत तर धावण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे मी अधिक महत्त्वाचे मानतो. रक्तात लोह नसेल तर प्राणवायू वाहून नेणार कोण?

आता खुर्चीवरच्या मंडळींकडे वळू, ज्यांत प्रस्तुत लेखकही आला. लंडनमधील दुमजली बसगाड्यांच्या नोकरवर्गाचा अभ्यास डॉ. जेरी मॉरिस यांनी 1953 साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. 1966 साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतील पाच विद्यार्थ्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. सुमारे दोन महिन्यांच्या सरावाने ती भरून निघाली व वाढलीही. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केले होते! शरीर जितक्या तत्परतेने देते तितक्याच तत्परतेने काढून घेते.

मधुमेहाबाबत एक गोष्ट दिलासा देणारी आहे. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेतो आणि नंतर दिवस-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगली दाद देतो. म्हणून आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर चालण्यापेक्षा रोज अर्धा तास चालणे हिताचे. जेवणानंतरचा दहा-पंधरा मिनिटांचा फेरफटकाही उपयोगी पडतो. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी आणि खिशात साखर ठेवावी. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने फार छळले, हे आपण जाणतोच. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची शक्ती, परिश्रमाची शक्ती, अल्प आजार, अन्नाचे नीट पचन, आणि त्यातून साधलेली चिरकाल टिकणारी समाधी. पहिल्या चार लाभांना आजचा कोणताही डॉक्टर मान्यता देईल. पाचव्याबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार नाही.

शेवटी भरतीच्या मुलांविषयी. सिंभोरा धरणाच्या किंवा वरुडच्या रस्त्यावर पहाटे धावणारी ही मुले पाहून आनंद होतो, काळजीही वाटते. मुलांना 1600 मीटर व मुलींना 800 मीटर धावायचे असते. त्यासाठी किमान तीन-चार महिने हवेत, कारण शरीराचे सर्व भाग एका वेगाने तयार होत नाहीत. दम लवकर वाढतो, स्नायू त्यामागून, आणि हाडे व स्नायूबंध सर्वांत शेवटी. छाती पळ म्हणते आणि नडगी नाही म्हणते ती यामुळे. नडगीचे दुखणे रोज एकाच जागी टोचू लागले तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला बारीक चीर असू शकते. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी.

उन्हाची सवयही अशीच अंगी आणावी लागते. रोज थोडा वेळ उष्ण हवेत धावल्यास दहा-चौदा दिवसांत घाम लवकर व जास्त येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. ही सवय नसताना जीव तोडून धावणे घातक ठरते. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत, तेव्हाच्या पाच किलोमीटरच्या दौडीत धावलेल्या काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. धावणारा लटपटू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर अंगाला घाम असला तरी ऊन लागले असे समजावे. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर थंड पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी दवाखान्यात नेण्याची व्यवस्था करावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.