वायरीतलं बारदान

घरच्या इंटरनेटच्या बिलावर वेग लिहिलाय 100. सिनेमा डाउनलोड करायला लावला तर पडद्यावर आकडा दिसतो 12, फार तर साडेबारा. मग बाकीचे 87 कुठे गेले?

कुठेच गेले नाहीत, दोस्तांनो! बिलावरचे 100 आहेत मेगाबिट आणि पडद्यावरचे 12 आहेत मेगाबाइट. बिट म्हणजे एक 0 किंवा एक 1. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. आता 100 ला 8 ने भागा. आले ना साडेबारा?

सोपं आहे, नाही? पण थांबा. कधीकधी 8 ने भागलं की उत्तर चक्क चुकतं, आणि ते का चुकतं हीच खरी मजेची गोष्ट आहे.

यवतमाळहून दारव्ह्याला जाताना बोरी अरब लागतं. हा सगळा मुलूख कापसाचा. इथला कास्तकार कापूस विकतो क्विंटलवर, म्हणजे 100 किलोवर. सरकी काढून उरलेल्या रुईच्या गाठी बांधतात त्या 170 किलोच्या. आणि मोठ्या बाजारात रुईचा भाव निघतो खंडीवर. खंडी म्हणजे सुमारे 356 किलो. त्यामुळे नुसता आकडा ऐकून कुणी सौदा करत नाही. आधी विचारतात, भाव कशाचा? क्विंटलचा की खंडीचा? आणि काट्यावर वजन झालं की दुसरा प्रश्न येतो : बारदान, म्हणजे पोत्याचं वजन, धरून की वजा करून?

कॉम्प्युटरच्या वायरीलाही हेच दोन प्रश्न विचारायचे.

एखादा जुना कॉम्प्युटर उघडलेला पाहिलाय? हार्ड डिस्कपासून निघणारी चपटी, पट्ट्यासारखी रुंद केबल दिसते. ती आयडीई केबल. तिच्यात वायरी शेजारी शेजारी असतात आणि एका ठोक्याला 16 बिट, म्हणजे दोन बाइट, सोबत निघतात. ठोका देणारी, म्हणजे बिट कधी मोजायचे ते सांगणारी, वायर वेगळीच असते. म्हणून या केबलचा वेग थेट बाइटमध्ये सांगायचे : 33, 66, 100 आणि शेवटी 133 मेगाबाइट, दर सेकंदाला. इथे बारदानाचा प्रश्नच नव्हता.

मग 2003 च्या सुमारास बारीक साटा केबल आली. तिच्यात बिट एकामागून एक धावतात आणि वेग सांगितला जातो दीड गिगाबिट, म्हणजे सेकंदाला 150 कोटी बिट. 8 ने भागलं तर पावणेएकोणीस कोटी बाइट यायला हवेत. प्रत्यक्षात मिळतात 15 कोटीच! कारण इथे ठोक्याची वेगळी वायर नाही. समजा, एकामागोमाग तीस शून्यं आली. वायरीवर काहीच बदललं नाही, तर समोरच्या चिपला कसं कळणार, तीस होती की एकतीस? म्हणून पाठवणारी चिप दर 8 बिटांच्या जागी 10 बिटांचा ठरलेला नमुना पाठवते. हे नमुने असे निवडलेत की सारखे बिट सलग पाचांच्या वर कधी येतच नाहीत. सिग्नल सारखा बदलत राहतो आणि त्या बदलांवरूनच समोरची चिप ठोका ओळखते. ते दोन जादा बिट म्हणजे बारदान. भागायचं 10 ने!

याहून भारी उदाहरण आपल्याच मातीतल्या माणसाच्या कामात सापडतं. यवतमाळहून दारव्ह्यावरून कापूस नेणारी चिमुकली शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीला भेटायची. त्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावी 1946 साली विजय भटकर जन्मले. पुढे पुण्यात सी-डॅक या संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम 8000' हा महासंगणक तयार झाला आणि 1991 मध्ये जगासमोर आला. त्याच्या पोटात ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिपा होत्या. एकच प्रचंड चिप बनवण्याऐवजी अशा पुष्कळ चिपा जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घ्यायचं, ही कल्पना मला आजही जबरदस्त वाटते. पण एकत्र काम करायचं तर आपापसात बोलायला हवं ना! म्हणून प्रत्येक चिपला चार जोडण्या होत्या. एका जोडणीचा वेग होता 20 मेगाबिट.

करा पाहू भागाकार. 8 ने? नाही. इथे प्रत्येक बाइटच्या पुढे दोन बिट लागायचे, 'येतोय हं' असं सांगायला, आणि मागे एक, 'संपला' म्हणायला. एकूण 11. म्हणजे सेकंदाला 25 लाख बाइट नव्हे, सुमारे 18 लाख. शिवाय प्रत्येक बाइटची पोच म्हणून समोरून दोन बिट परत यायचे, पण ते उलट दिशेच्या वायरीवरून.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. आई-बाबांच्या वेळच्या फ्लॉपी डिस्कमध्ये 14,74,560 बाइट मावायचे आणि ती वाचली जायची सेकंदाला 5 लाख बिट या वेगाने. 8 ने गुणून मग भागा : अख्खी फ्लॉपी वाचायला 24 सेकंदही लागू नयेत. पण फ्लॉपी मिनिटाला 300 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा. दोन्ही बाजू मिळून तिच्यावर 160 गोल पट्टे असतात आणि एका फेऱ्यात एकच पट्टा वाचून होतो. 160 ला 5 ने भागा. 32 सेकंद! वरची आठ सेकंदं फ्लॉपी काय वाचत असते? प्रत्येक पट्ट्यावर माहितीचे 18 तुकडे असतात. त्या तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागा आणि प्रत्येक तुकड्याआधी लिहिलेला त्याचा पत्ता.