राहत्या घराचा जीर्णोद्धार

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी नव्या वास्तूत पाऊल टाकणारी कुटुंबे पुष्कळ. परंतु आपलेच जुने घर अंतर्बाह्य नवे करून त्यात पुन्हा प्रवेश करणारीही शहरांतून आज थोडी नाहीत. मुहूर्तग्रंथांनी गृहप्रवेशाचे अपूर्व, सपूर्व आणि द्वंद्व असे तीन प्रकार मानले आहेत. नव्या घरातील पहिला, प्रवासाहून परतल्यावरचा दुसरा, आणि अग्नी, जल इत्यादिकांनी बिघडलेले घर दुरुस्त केल्यावरचा तिसरा. या तिसऱ्याविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवावेत, असा मानस आहे. निमित्त घरचेच आहे.

माझे ज्येष्ठ बंधू नोकरीनिमित्त वाईहून पुण्यास गेले. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरील जागेची त्यांनी १९८१ साली वास्तुशांत केली, तेव्हा आचार्यांच्या शेजारी बसून मंत्र म्हणणारा विद्यार्थी म्हणजे प्रस्तुत लेखक. बंधू आज नाहीत. वहिनी, पुतण्या आणि त्याचा संसार तेथे आहे. चार तपांच्या जवळपास काळ लोटल्यावर नळ आतून गंजले, विजेच्या तारा जुनाट झाल्या आणि आमच्या न्हाणीघराची ओल खालच्या बिऱ्हाडाच्या छताला उतरू लागली. तेव्हा २०२४च्या तुळशीविवाहानंतर काम काढावे आणि पाडव्याला देव परत आणावेत, असे ठरले. पावसाळा टळतो, हाही त्यातला हिशेब.

एक वास्तुतज्ज्ञ म्हणवणारे गृहस्थ येऊन गेले. न्हाणीघर ईशान्येस आहे, ते वायव्येच्या स्वयंपाकघराच्या जागी न्यावे आणि ओटा आग्नेयेच्या खोलीत हलवावा, असा त्यांचा आदेश. वहिनींच्या मनाने ते घेतले. पुतण्या म्हणाला, “काका, ग्रंथ तुम्ही वाचले आहेत. तुम्हीच सांगा.”

मी म्हटले, आधी इमारतीला विचार. मयमतात गृहनिर्मितीचे स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार अधिकारी सांगितले आहेत. त्यांत स्थपतीची आज्ञा प्रमाण. आजचा स्थपती म्हणजे इमारतीचे बळ जाणणारा अभियंता. त्याने नकाशा पाहून सांगितले, की न्हाणीघराखालचा स्लॅब नळ्यांसाठी मुद्दाम खाली घेतलेला असतो, स्वयंपाकघराखालचा तसा नाही. जमीन फूटभर उचलल्याविना सांडपाण्याला उतार मिळणार नाही. मधली भिंत काढायची, तर तिच्यावर भार आहे की नाही, हे पाहिल्याविना घण लावता येणार नाही. मग मी वहिनींना एवढेच विचारले, “वहिनी, आपली मोरी हलली तर ती खालच्यांच्या ओट्यावर आणि देव्हाऱ्यावर येते. चालेल तुम्हांला?” त्या काही वेळ बोलल्या नाहीत. “असू दे आहे तिथेच,” एवढे म्हणून उठल्या. प्राचीन ग्रंथांतले वास्तुमंडल भूमीवर आखायचे असते, त्याच्या मध्याला ब्रह्मस्थान असते. एकावर एक रचलेल्या बिऱ्हाडांना ते लावताना तारतम्य हवे, असे माझे मत आहे. कोणास न पटल्यास माझा आग्रह नाही.

देव एका खोलीत हलवले, आणि फरशी उखडण्यास आरंभ झाला. येथे चूक घडली, ती माझी. वास्तुशांतीच्या वेळी वास्तुपुरुषाची प्रतिमा तांब्याच्या डबीत घालून आग्नेय कोपऱ्यात फरशीखाली पालथी ठेवली होती. मी वाईहून दूरध्वनीवर सांगितले, “आग्नेय कोपरा जपून उकला.” पुतण्याने आग्नेय म्हणजे अग्नीची जागा, अर्थात ओट्याचा कोपरा, असे घेतले. तो कोपरा हातांनी उकरून काही मिळेना. तोवर पलीकडची खोली घणाखाली गेली आणि राडारोडा पोत्यांत भरला गेला. “वहिनींच्या खिडकीखाली” एवढे साधे मराठी मी बोललो असतो तर!

मी पुण्यास पोहोचलो तेव्हा वहिनी जिन्यात, पोत्यांच्या रांगेसमोर बसल्या होत्या. अन्न घेतले नव्हते. पुतण्या एकेक पोते रिकामे करीत होता. सकाळी एक बिहारी मजूर कामावर आला, गर्दी पाहून थबकला, आणि माळ्यावरून आपल्या जुन्या गमछ्यात बांधलेली डबी काढून त्याने वहिनींच्या ओंजळीत ठेवली. देवाची वस्तू दिसली, म्हणून त्याने ती बाजूला ठेवली होती; कोणाला द्यावी, ते त्याला कळले नव्हते. झाकण चेपले होते. प्रतिमा शाबूत होती.

पुढचे काम रीतसर झाले. नळ व तारा भिंतीत गाडण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेतली. न्हाणीघराला ओल-प्रतिबंधक थर दिल्यावर तीन दिवस पाणी तुंबवून ठेवले. खालच्या वहिनींनी रोज छताला हात लावून पाहिले, तेव्हाच फरशी बसली. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता याच परीक्षेनंतर द्यायचा, हे पुतण्याने आधीच लिहून घेतले होते. खर्च अंदाजाच्या सव्वापट झाला. तो तसा होतोच. वाचकांनी प्रथमच धरून चालावे.

३० मार्च २०२५ रोजी, पाडव्याला, शांतिकर्म करून डबी पूर्वीच्याच जागी ठेवली. त्या मजुरालाच बोलावून वहिनींनी तिच्यावरची फरशी बसवून घेतली आणि त्याला जेवायला पहिल्या पंगतीत बसवले. नळ-तारांच्या नकाशावर त्या कोपऱ्यात आता कुंकवाची खूण आहे, आणि शेजारी पुतण्याच्या अक्षरात लिहिले आहे : आजीची खिडकी, डावीकडून दुसरी फरशी.