घटनाकारांचा धर्म आणि घटनेतील एक शब्द

रायपूर : छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा या गावात जानेवारी २०२५ मध्ये एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे निधन झाले. गावात दफन करण्यास ग्रामस्थांनी हरकत घेतली. पार्थिव सुमारे तीन आठवडे शवागारात राहिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

अशा प्रसंगी एक जुना प्रश्न नव्याने पुढे येतो. हा देश घडविणाऱ्यांनी धर्माला कोणते स्थान दिले होते, आणि त्यांचा स्वतःचा धर्म कोणता होता? रायपूर आणि त्याच्या परिसराचा या प्रश्नाशी असलेला संबंध घटनानिर्मितीच्या काळापासूनचा आहे.

अमेरिकेतील वाद

राष्ट्राचे संस्थापक ख्रिस्ती होते काय, हा वाद मुख्यतः अमेरिकेतला. तेथील संस्थापकांपैकी बहुतेकांचा जन्म प्रॉटेस्टंट कुटुंबांत झाला होता. मात्र थॉमस जेफरसन यांच्यासारख्यांना धर्मग्रंथातील चमत्कार मान्य नव्हते. १७८७ मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेत ईश्वराचा उल्लेख नाही, आणि सार्वजनिक पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असे तिचे सहावे कलम सांगते. अमेरिकेचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेले नाही, असे १७९७ च्या त्रिपोली करारात नमूद करण्यात आले आणि सिनेटने तो करार एकमताने मंजूर केला. तरीही संस्थापकांच्या श्रद्धेचा दाखला देऊन आजचे प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न तेथे सुरूच आहे.

भारतात परिस्थिती उलट होती. घटना समितीत हिंदू सदस्यांचे मोठे बहुमत होते. ख्रिस्ती सदस्य मोजकेच होते, परंतु त्यांचे स्थान महत्त्वाचे होते.

समितीतील ख्रिस्ती सदस्य

बंगालमधील शिक्षणतज्ज्ञ डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी जानेवारी १९४७ मध्ये घटना समितीचे उपाध्यक्ष झाले. मद्रासचे फादर जेरोम डिसूझा हे जेझुइट धर्मगुरू होते. छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा ख्रिस्ती होते, पण समितीत ते उभे राहिले ते आदिवासींचे प्रतिनिधी म्हणून.

रायपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. या प्रांतातून निवडून गेलेल्यांमध्ये रायपूरचे वकील आणि प्रांताचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल होते, डॉ. पंजाबराव देशमुख होते आणि राजकुमारी अमृत कौरही होत्या. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील अमृत कौर ख्रिस्ती होत्या. पुढे त्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या.

श्रद्धेवरून भूमिका ठरली नाही

सदस्याचा धर्म समजला की त्याची भूमिकाही समजेल, ही अपेक्षा समितीच्या इतिवृत्तात टिकत नाही.

मूलभूत हक्कांच्या उपसमितीत १९४७ मध्ये धर्माच्या 'आचरणा'चे स्वातंत्र्य देण्याचा विचार सुरू झाला. त्यावर अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी आक्षेप नोंदविला. आचरणाला सरसकट संरक्षण मिळाले, तर देवदासी आणि पडदा यांसारख्या प्रथाही धर्माच्या नावाखाली टिकून राहतील आणि सुधारणेचे कायदे अडचणीत येतील, अशी त्यांची भीती होती. धर्मस्वातंत्र्याचा हक्क मर्यादित असावा, असे म्हणणाऱ्यांत एक ख्रिस्ती सदस्य होती. सामाजिक सुधारणेचे कायदे करण्याची राज्याला मुभा देणारी तरतूद आज कलम २५ मध्ये आहे.

धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांबाबतही असेच घडले. ऑगस्ट १९४७ मध्ये भारतीय ख्रिस्ती समाजासाठी केंद्रात आणि मद्रास व मुंबई प्रांतांत राखीव जागा मान्य झाल्या होत्या. त्या रद्द कराव्यात, असा प्रस्ताव मे १९४९ मध्ये सल्लागार समितीत मांडला तो मुखर्जी यांनीच.

'प्रसार' या शब्दाची तडजोड

खरा वाद झाला तो धर्माच्या 'प्रसारा'वरून. मद्रासचे शिक्षणतज्ज्ञ एम. रत्नस्वामी यांनी एप्रिल १९४७ मध्ये हा शब्द हक्कात समाविष्ट करण्याचा आग्रह धरला. प्रसार हे ख्रिस्ती व इस्लाम या धर्मांचे अंगच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १ मे १९४७ रोजी पुरुषोत्तमदास टंडन यांनी सभागृहात स्पष्टच सांगितले की, बहुतेक काँग्रेसजनांना हा शब्द रुचत नाही, परंतु ख्रिस्ती बांधवांना सोबत घेऊन जाण्यासाठी त्यांनी तो मान्य केला आहे.

डिसेंबर १९४८ मध्ये मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनी या शब्दाला कडाडून विरोध केला. समर्थनार्थ उभे राहिलेले लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णमाचारी आणि कन्हैयालाल मुन्शी हे तिघेही हिंदू होते. आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण धर्मांतराचा प्रयत्न कधी झाला नाही, असे कृष्णमाचारी म्हणाले. हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याच्या आधारे इतरांना आपल्या धर्मात येण्यासाठी समजावण्याची मुभा राहिलीच असती, असे मुन्शी यांनी सांगितले. त्या दिवशी अध्यक्षस्थानी मुखर्जी होते.

सक्तीने किंवा गैर दबावाने झालेले धर्मांतर कायद्याने मानू नये, असे एक कलमही सुरुवातीला प्रस्तावित होते. ही गोष्ट उघडच असल्याने मूलभूत हक्कांत तिची स्वतंत्र नोंद नको, या विचाराने ते वगळण्यात आले. पुढील अनेक वादांचे मूळ या मौनात आहे.

सरनाम्यात ईश्वर नाही

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी सरनाम्याची चर्चा झाली. मध्य प्रांताचेच सदस्य हरी विष्णू कामत यांनी सरनाम्याचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती सुचविली. श्रद्धा हा व्यक्तीचा प्रश्न असून ती सर्वांवर सामूहिकपणे लादता येणार नाही, असे पंडित हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे होते. ईश्वराला मतदानास टाकू नये, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरीही मतदान झाले. दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली.

विरोध करणारे सगळे नास्तिक नव्हते. पदाची शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, ही निवड घटनेने ज्याच्या त्याच्यावर सोपविली.

रायपूरचा खटला

घटना लागू झाल्यावर चार वर्षांतच वाद पुन्हा उभा राहिला. रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने एप्रिल १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. प्रसाराचा हक्क केवळ भारतीय नागरिकांनाच आहे आणि त्यात बळजबरीचे किंवा फसवणुकीचे धर्मांतर येत नाही, हे घटनादुरुस्तीने स्पष्ट करावे, अशी शिफारस १९५६ च्या अहवालात होती. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

पुढे ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरी, प्रलोभन अथवा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतरास प्रतिबंध करणारे कायदे केले. मध्य प्रदेशाच्या कायद्यानुसार तेव्हा रायपूर जिल्ह्यात असलेल्या बलौदाबाजार येथे रायपूरचे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटला सुरू झाला. त्यांनी कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिले. ओरिसाचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने रद्द ठरविला होता, तर मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा वैध मानला.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ जानेवारी १९७७ रोजी दोन्ही कायदे वैध ठरविले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगून त्याचा विस्तार करणे होय. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यातून मिळत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. त्यासाठी शब्दकोशांचा आधार घेण्यात आला. ज्येष्ठ घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवई यांनी या निकालावर टीका केली. या कलमामागील घटना समितीतील इतिहास न्यायालयाने लक्षात घेतला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. निकाल मात्र कायम राहिला आणि २००० मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हा १९६८ चा कायदा छत्तीसगडकडे आला.

याचा अर्थ काय?

२०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे दोन टक्के आहे. संस्थापकांमध्ये ख्रिस्ती होते, म्हणून या समाजाला अधिक हक्क मिळत नाहीत. बहुसंख्य संस्थापक हिंदू होते, म्हणून ते कमीही होत नाहीत. संस्थापकांनी आपली श्रद्धा घटनेत लिहिली नाही. त्यांनी वाटाघाटीतून ठरलेले शब्द लिहिले आणि त्या शब्दांना सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादा घातल्या.

त्या मर्यादा कोठे सुरू होतात, यावर आजही एकमत नाही. छिंदवाड्याच्या प्रकरणात २७ जानेवारी २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींनी भिन्न मते दिली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी समता व धर्मनिरपेक्षतेचा आधार घेऊन कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफनास अनुमती दिली. न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या मते दफन नेमून दिलेल्या जागीच व्हायला हवे होते. अंत्यविधी आणखी लांबू नये म्हणून दोघांनी मिळून निर्देश दिला. त्यानुसार दफन गावात नव्हे, तर करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात करावयाचे होते.